पाठमोऱ्या बंगल्याचे साक्षीदार

जे. पी. नगरच्या पिठाच्या गिरणीमागच्या गल्लीत भीमाचार्यांना ओळखत नाही असं कोणी नाही, आणि त्यांना रस्त्यात थांबवून 'काय विशेष?' असं विचारणारंही कोणी नाही. विचारणारा फसतो. चाळीस वर्षं रजिस्ट्रार कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी टेबल टाकून त्यांनी खरेदीखतं, बक्षीसपत्रं आणि वाटणीपत्रं लिहिली, त्यामुळे साधं वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर यायला तयार नसतं. कुंपणाच्या भिंतीवर मांजर बसलंय एवढंच सांगायचं असलं, तरी ते आधी भिंतीच्या पूर्वेस काय, पश्चिमेस काय, हे सांगतात, मग भिंत कुणाच्या वहिवाटीत आहे ते, आणि मांजरापर्यंत येईतो मांजर उतरून दुसऱ्या घरचं दूध पिऊन आलेलं असतं.

घराणं जुनं. साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठ्यांच्या फौजेबरोबर एक कारकून बेंगळूरला आला, फौज पुढे निघाली, कारकुनाचा एक कागद पुरा व्हायचा होता म्हणून तो मागे राहिला आणि तो कागद अजून पुरा व्हायचाय, असं गल्लीत म्हणतात. गल्लीत म्हणतात, भीमाचार्य म्हणत नाहीत. कारण त्याला साक्षीदार नाही.

साक्षीदार ही त्यांची खरी व्याधी. कुठलीही गोष्ट दोन वेगवेगळ्या घरांतल्या दोन माणसांनी, एकमेकांच्या समोर, एकसारखी सांगितल्याशिवाय त्यांच्या लेखी ती घडतच नाही. वसुमतीअक्कांना ते पाहायला गेले होते तेव्हाची हकीकत अक्का स्वतः सांगतात. अक्कांच्या मामानं मोठ्या कौतुकानं सांगितलं, मुलगी गोड गाते. यावर नवरदेवानं अदबीनं विचारलं, "ऐकलेला आणखी कोणी आहे का?" बैठकीत कोणी नव्हतं. लग्न झालं, मुलगा झाला, प्रणीत, तो आता हैदराबादला असतो, पण अक्कांनी त्या दिवसापासून अंगाईसुद्धा गुणगुणलेली नाही. "दुसरा साक्षीदार मिळाला की गाईन," म्हणतात.

तर अशा या माणसाच्या मनात एक लहानशी खुपणारी गोष्ट होती. दस्त लिहिणाऱ्याचं नाव दस्तावर कुठे असतं ते तुम्ही कधी पाहिलंय? नसेलच. आधी देणार, मग घेणार, मग मिळकत, मग चारी हद्दी, मग सह्या, मग साक्षीदार, आणि या सगळ्यांच्या पायाशी, शिक्क्याखाली निम्मं दडपलेलं, मुंगीच्या अक्षरात 'बिकलम भीमाचार्य', म्हणजे भीमाचार्याच्या हातचं. अकरा हजारांवर कागद झाले. दक्षिण बेंगळुरातली किती घरं त्यांच्या अक्षरात उभी आहेत याची गणती नाही, आणि एकाही घरमालकानं कधी कागद उलटा करून विचारलं नाही, की हे सुंदर वळण कुणाचं. मग कचेरीत कॉम्प्युटर आले. टेबल घरी आलं. टेबलामागे भीमाचार्यही घरी आले.

घरी अक्कांचा हुळीपुडी म्हणजे सांबाराचा मसाला, चटणीपुडी आणि मेतकुटाचा उद्योग जोरात चालतो. तिथे भीमाचार्य स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून प्रत्येक पुडीवर चिठ्ठी लिहू लागले. 'सदरहू पुडी ही उपरोक्त पुडीहून तिखट असे' अशी. गिऱ्हाइकं बरणी हातात धरून दोन-दोन मिनिटं वाचत बसायची. अक्का कपाळाला हात लावून म्हणायच्या, "अहो, स्वल्प सरका तिकडे. फोडणी देते आहे, ताबा नाही देत."

त्याच सुमारास मुग्धा आली. पुण्याची मुलगी, बेळ्ळंदूरला चौदाव्या मजल्यावर राहते, महिन्यातून एकदा दोन तासांचं ट्रॅफिक सोसून मेतकूट न्यायला येते. त्या दिवशी ती बरणीऐवजी बातमी घेऊन आली.

"अक्का, आम्ही ना एक क्रेझी गोष्ट केलीय," तिनं सांगायला सुरुवात केली, आणि ती खरोखरच तशी होती. सकलेशपूरच्या पुढे घाटातल्या जंगलात, जिथे शेवटचे सहा किलोमीटर जीपशिवाय जाता येत नाही, तिथे मंजिनकट्टे म्हणून खेडं आहे, आणि खेड्याच्या वर डोंगरात साहेबाच्या काळातला एक बंगला. वीस वर्षं बंद. मालकाच्या वारसांकडून तो मुग्धानं आणि तिच्या नवऱ्यानं, मल्हारनं, चालवायला घेतला होता. कौलं झाली, नळ झाले, पुढच्या रविवारी पाहुण्यांची पहिली तुकडी यायची होती. फक्त एक गोष्ट नव्हती. पाहुण्यांना म्हणे बंगल्याबरोबर इतिहास लागतो. दारातच एक सागवानी फळा लावायचा होता आणि त्यावर लिहायला कुणी नव्हतं.

अक्कांनी हातातली उलथणी खाली ठेवली. असा मुहूर्त पुन्हा यायचा नव्हता. "आमच्या ह्यांना घे," त्या म्हणाल्या. "लिहितात. पाहिजे तेवढं लिहितात. नको म्हटलं तरी लिहितात."

"खरंच, काका? मग फळ्यावर सगळ्यात वर तुमचं नाव टाकू. पितळी अक्षरांत."

भीमाचार्य स्टुलावर बसले आणि त्यांनी विचारलं, अक्षरं केवढी असतील. मुग्धानं आपला पंजा उघडून दाखवला. भीमाचार्यांनी तो पंजा असा पाहिला की पाहणाऱ्याला वाटावं हात बघून भविष्य सांगताहेत. त्या दुपारी ते दोनदा गिरणीपर्यंत जाऊन दळण न घेता परत आले, हे गल्लीनं पाहिलंय. दोन घरांतून पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी मल्हारचा फोन आला. मुलगा सरळ, पण घाईचा. त्यानं सांगून टाकलं, की एक इतिहास त्याच्याकडे तयार आहे. एआयला विचारलं, चाळीस सेकंदांत आला. लेडी एलिनोर नावाची एक मड्डम अठराशे सत्त्याऐंशी साली दिवाणखान्याच्या खिडकीत बसून दरीकडे बघत रडायची, अजूनही धुक्यात तिचा पांढरा गाऊन दिसतो.

"हिला रडताना कोणी पाहिलं?" भीमाचार्यांनी विचारलं.

"काका, ते एआयनं लिहिलंय."

"सरी, बरं. मग त्याला सहीला बोलवा."

मल्हार हसला, आणि हसता हसता त्यानं बेतही सांगितला. शुक्रवारपर्यंत काकांनी याहून चांगलं काही आणलं तर काकांचा इतिहास आणि वर काकांचं नाव. नाहीतर एलिनोर. एआयला पितळी अक्षरांची हौस नव्हती, त्यामुळे त्या बाबतीत फळा मोकळाच राहिला असता. आणि काकांनीच एलिनोरला आपल्या वळणात लिहून काढलं तरीही चालेल, नाव मग त्यांचंच. भीमाचार्यांना घाम फुटला तो या शेवटच्या सवलतीमुळे.

हाती होता तो फक्त भाडेकरार आणि त्याला जोडलेला नकाशा. त्यावरून त्यांनी पहिला मसुदा हिरव्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवला. 'मौजे मंजिनकट्टे येथील एक बंगला. आग्नेयेस दरी. वायव्येस काळा कातळ. उरलेल्या बाजूंस जंगल. येणेप्रमाणे चतुःसीमा असलेला बंगला उभा आहे.' सात वेळा वाचूनही त्यात खोट निघेना. मल्हारनं वाचलं आणि म्हणाला, "काका, गेस्टना वाटेल आपण विकायला काढलाय."

तेव्हा साक्षीदार शोधायला हवेत हे उघड झालं. पहिला तर मल्हारच्याच फाटकावर उभा होता. दयानंद, त्या टॉवरचा वॉचमन, पन्नाशी उलटलेला, जन्म मंजिनकट्टेचा. बंगल्याची खबर मल्हारला त्यानंच दिली होती. पणजोबांपासून बापापर्यंत सगळे त्या बंगल्याचे माळी. भीमाचार्य दोन बस बदलून बेळ्ळंदूरला गेले, वॉचमनच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि टोपण उघडून म्हणाले, सुरू करा.

आता ऑफिसं सुटायच्या वेळी बेळ्ळंदूरच्या फाटकावर इतिहास सांगणं म्हणजे काय असतं, ते ऐका. दयानंद म्हणायचा, "साहेबाला लाल..." तेवढ्यात गाडी यायची, दांडा वर, दांडा खाली, सलाम, "...दाढी होती." पुन्हा गाडी. "मड्डम आली होती, ती पंधरा दिवसांत..." स्कूटरवरून जेवण आलं, कुठला फ्लॅट, नाव लिहा, "...रडत गेली." अंधार पडायच्या आत शंभरेक गाड्या गेल्या आणि चार गोष्टी आल्या. साहेबाला लाल दाढी होती. मड्डम आली होती. दिवाणखान्यात एकदा बिबट्या शिरून तीन दिवस राहिला होता. आणि अंगणातला फणस माळ्यांचा होता. ही शेवटची गोष्ट त्यानं एकदाही न थांबता सांगितली; मागे तीन गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

दुसरा साक्षीदार कोण, असं विचारल्यावर मात्र त्याचं तोंड आंबट झालं. "एक म्हातारी आहे आनेकलला. स्वयंपाकीण होती. पण तिच्याकडे जाऊ नका, आचार्रे. तिच्या आजीपासून त्या घरात खोटं बोलतात."

भीमाचार्य दुसऱ्याच दिवशी सकाळच्या बसनं आनेकलला हजर. चेन्नवीरम्मा, वय वर्षं एक्क्याऐंशी, नात कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेली, ही दारात अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांचा ढीग मांडून बसलेली. तिच्या आजीनं, आईनं आणि तिनं अशा तिघींनी मिळून त्या बंगल्याची चूल सांभाळली होती. बंगल्याचं नाव काढताच तिनं निम्मा ढीग भीमाचार्यांच्या पुढ्यात ढकलला. हात चालू तोवर तोंड चालू, हा तिचा शिरस्ता. हे थांबले की ती थांबायची. चाळीस वर्षं ज्या बोटांनी नुसती लेखणी धरली, त्या बोटांनी दुपारपर्यंत चार शेर दाणे सोलले.

आणि इतिहास काय मिळाला? साहेबाला दाढीच नव्हती, गुळगुळीत होता, अंड्यासारखा. मड्डम कधी आलीच नाही. बिबट्या नव्हे, रानडुक्कर, आणि तेही तिन्हीसांजेला आलं नि भाकरी घेऊन गेलं. आणि फणस? फणस स्वयंपाकघराचा, कारण खरकटं पाणी त्याच्या मुळाशी जायचं. उलट कुणी सांगितलं ते कळल्यावर तिनं एक शेंग अशी मोडली की भीमाचार्य मागे सरले. "माळ्याचा दया? त्याच्या बापाला गुलाब आणि वांगं यातला फरक फूल आल्यावर कळायचा."

घरी येऊन त्यांनी कागदाच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे दयानंद, उजवीकडे चेन्नवीरम्मा. मंजिनकट्टेच्या सव्वाशे वर्षांत एकही गोष्ट रेघ ओलांडून पलीकडच्या गोष्टीला भेटेना. अक्कांनी त्यांच्या बोटांचा वास घेतला आणि म्हणाल्या, अवरेकाई. लग्नानंतर पहिल्यांदा कामाचं काही शिकून आलात.

गुरुवार उजाडला. पितळी अक्षरं भीमाचार्यांना जागोजागी दिसू लागली होती. इडलीच्या भांड्यावर, देवघरातल्या समईवर, समोरच्या घराच्या नळावर. शेवटी दुपारी त्यांनी कोरा हिरवा कागद घेतला, दार लोटलं आणि एलिनोरला लिहायला बसले. कोण बघतंय? पाहुणे दोन दिवस येणार, वाचणार, फोटो काढणार. मड्डम रडली काय नि हसली काय. पहिली ओळ तर इतकी देखणी उतरली, की पुढची आपोआप आली. 'सदरहू मड्डम दिवाणखान्याच्या खिडकीत बसून दरीकडे...'

इथे हात अडला. हद्दीचा उल्लेख आला की नकाशा बघायचा, ही चाळीस वर्षांची खोड. नकाशा काढला. चष्मा पुसला. नकाशा उलटा धरून पाहिला. दरी आग्नेयेला. दिवाणखान्याच्या खिडक्या वायव्येला, आणि वायव्येला हातभर अंतरावर काळा कातळ. दरी दिसत होती ती फक्त एका जागेवरून, स्वयंपाकघरातून. मड्डमला दरीकडे बघून रडायचं, तर मोरीशेजारी उभं राहून रडावं लागलं असतं.

अक्कांना हाक मारून त्यांनी ते दाखवलं. अक्कांनी एक नजर टाकली. "जंगलात एवढा मोठा बंगला बांधायचा आणि दरीकडे पाठ करून बसायचं?" त्या म्हणाल्या. "कोण हो हा शहाणा?"

भीमाचार्यांनी एलिनोरचा कागद चार तुकडे करून फाडला. त्यांना प्रश्न मिळाला होता. दोन्ही साक्षीदारांना चार-चार गोष्टी विचारून झाल्या, पण ही एक कुणी विचारलीच नव्हती. आणि ती दोघांना समोरासमोर बसवूनच विचारायला हवी होती.

शुक्रवारी संध्याकाळी चौदाव्या मजल्यावर सभा भरली. दयानंदनं पाळी संपवून केस विंचरले होते. चेन्नवीरम्माला मल्हारनं गाडीतून आणलं. लिफ्टमध्ये तिनं सगळी बटणं दाबून पाहिली, त्यामुळे मंडळी प्रत्येक मजला बघत वर आली. अक्का डब्यातून अवरेकाईची उसळ घेऊन आल्या होत्या, दाणे कुणी सोलले ते सगळ्यांना सांगत. बसायला चेन्नवीरम्माला नेमकी मल्हारची ऑफिसची चाकांची खुर्ची मिळाली, आणि हीच चूक झाली. कारण दयानंदला पाहताच तिनं फरशीला पाय लावला आणि ती सरळ सूं करत त्याच्यावर चालून गेली.

"फणस कुणाचा?" तिनं विचारलं.

"माळ्याचा," दयानंद म्हणाला आणि मागे सरकला.

भिंतीपर्यंत त्याची पिछेहाट झाली, मग टीव्हीच्या बाजूनं वळसा घालून सोफ्यामागे. म्हातारी खुर्चीवरून मागोमाग. मुग्धा मध्ये पडायला गेली आणि स्वतःच खाली बसून हसू लागली. मल्हारनं घड्याळ बघितलं. भीमाचार्यांना आपली पितळी अक्षरं एकेक करून गळताना ऐकू येऊ लागली. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मिळकतीबद्दल हद्दी न सांगता, तारीख न सांगता, एका दमात एक साधं वाक्य म्हटलं.

"बंगला पाठमोरा का आहे?"

खुर्ची थांबली. दयानंद सोफ्यामागून वर आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आधी म्हातारीच्या बोळक्यात आणि मग दयानंदच्या मिश्यांत एकच हसू उगवलं. पुढचं दोघांनी मिळून सांगितलं. एकानं वाक्य उचलायचं, दुसऱ्यानं खाली ठेवायचं. भीमाचार्यांची लेखणी धावू लागली.

साहेब नकाशा काढून देऊन विलायतेला गेला होता. नकाशात व्हरांडा आणि दिवाणखाना दरीकडे, स्वयंपाकघर मागे कातळाला टेकून. मिस्त्रीनं नकाशा पाहिला, पुन्हा पाहिला. चूल वायव्येला? चूल आग्नेयेलाच हवी, अग्नीचा कोपरा तो. साहेबाला काय कळतंय, बिचारा परमुलखातला, घर पेटलं तर पाप कुणाला? साहेबाचं भलं करायचं म्हणून मिस्त्रीनं अख्खा नकाशा फिरवला आणि तसाच बंगला बांधून काढला, तसूभर न चुकता, फक्त उलटा. आठ महिन्यांनी साहेब परतला तो बोटीवरच्या मित्रांना घेऊन, दरी दाखवायला. व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, चहा आला, पडदे सारले, आणि पाच साहेब मांडीला मांडी लावून काळ्या कातळासमोर बसले. कातळावर एक सरडा होता. त्यांनी तो पाहिला.

साहेबानं मिस्त्रीला बोलावून सांगितलं, पाड. मिस्त्री म्हणाला, पाडतो, पण आता पावसाळा तोंडावर आहे. पावसाळा तिकडे पाच महिने असतो. पाच महिन्यांत साहेबाला एक दिवस स्वयंपाकघरातून दरीवर धुकं उतरताना दिसलं, आणि दुसऱ्या दिवशी तो आपली खुर्ची उचलून चुलीपाशी आला. पुन्हा पाडायचं नाव काढलं नाही. त्याच्यानंतर आलेला साहेब, त्याच्यानंतरचे म्हैसूरकडचे मालक, सगळ्यांनी पहिल्या दिवशी दिवाणखान्यात बसून पाहिलं आणि आठवड्याच्या आत स्वयंपाकघर गाठलं. सगळे निर्णय तिथे, सगळे पाहुणे तिथे. माळी भाजी द्यायला यायचे तेव्हा मालक पाटावर बसून भाकरी थापलेली बघत असायचे. दिवाणखान्यात बसायचं ते फक्त रागावलेल्या माणसानं.

"म्हणजे बेस्ट व्ह्यू सव्वाशे वर्षं स्वयंपाकघराला," मुग्धा डोळे पुसत म्हणाली. "किती भारी माणूस असेल तो मिस्त्री."

इतका वेळ दोघंही मिस्त्रीला येडा म्हणत होते. आता दयानंद ताठ झाला. "माझे पणजोबा," तो म्हणाला. "बंगला बांधून मग माळी झाले."

"तुझा पणजा चुना कालवायचा," चेन्नवीरम्मा म्हणाली, आणि तिचा पाय पुन्हा फरशीकडे जाऊ लागला. "मिस्त्री माझ्या आजीचा बाप. म्हणून तर चुलीला चांगली जागा दिली."

अक्कांनी चपळाईनं खुर्चीचं चाक पायानं दाबून धरलं. भीमाचार्यांनी हात वर केला. चाळीस वर्षांत त्यांनी भावाभावांची भांडणं कागदावर मिटवली होती, त्याची पद्धत ठरलेली. जेवढं दोघांनी मान्य केलं तेवढं लिहायचं, उरलेलं सोडायचं. त्यांनी शेवटची ओळ लिहिली आणि मोठ्यानं वाचून दाखवली: 'मिस्त्रीच्या नावाबाबत साक्षीदारांत एकमत नसल्याने ते येथे नमूद केलेले नाही.' साहेबाच्या नावाची तर गोष्टच नको. एक मॅकफी म्हणत होता, दुसरी माकफली. तेही गळलं. दाढी गळली, मड्डम गळली, बिबट्या आणि डुक्कर दोघंही जंगलात परत गेले. राहिला फक्त पाठमोरा बंगला. आपलं नाही तर नाही, पण दुसऱ्याचंही नाव नाही, यावर दोघंही समाधानी. दयानंदनं सही केली. चेन्नवीरम्मानं चार इयत्ता शिकल्याचं सांगून संपूर्ण नाव, गाव आणि बापाचं नाव लिहिलं.

मल्हारनं कागद हातात घेतला, दोनदा वाचला, मग फोन उघडून एलिनोरला पुसून टाकलं. "काका, फळा तुमचा," तो म्हणाला. भीमाचार्यांनी विचारलं, अक्षरं पंजाएवढीच ना. रात्रभर जागून त्यांनी स्वतःच्या नावाचं वळण काढून पाहिलं. शनिवारी सकाळी कारागिराकडे जे दिलं त्यातल्या कन्नड 'भी'ची वेलांटी शेजारच्या अक्षरांवर छत्रीसारखी पसरली होती.

रविवारी जीपमधून मंडळी, दोन्ही साक्षीदारांसह, बंगल्यावर पोचली तेव्हा धुकं नुकतंच वर चढत होतं. दारात फळा. सगळ्यात वर, पंजाएवढ्या पितळी अक्षरांत कन्नडमध्ये आणि इंग्रजीत: भीमाचार्य. त्याखाली मल्हारच्या कारागिरानं शोभेसाठी टाकलेलं, बंगल्याच्या पायाच्या दगडावर सापडलेलं साल: १८९३. त्याखाली बारीक अक्षरांत इतिहास. भीमाचार्य फळ्यासमोर उभे राहिले, जवळून, मग लांबून, मग पायरीवरून. अक्कांना त्यांनी उजवीकडून पाहायला लावलं, डावीकडून पाहायला लावलं. अक्का म्हणाल्या, छान आहे, आता मागे सरा, पाहुण्यांना आत येता येत नाही.

पाहुण्यांत यशोवर्धन म्हणून नागपूरचा एक मुलगा होता, आयटीतला, बायको आणि कॅमेरा घेऊन आलेला. त्यानं वरची मोठी अक्षरं वाचली. खालची बारीक कोण वाचतो? तो आत गेला, दिवाणखान्यात बसला, समोरचा कातळ पाहिला, बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, "कोण आहे हा भीमाचार्य? अठराशे त्र्याण्णव साली उलटा बंगला बांधला भाऊनं."

भीमाचार्यांच्या हातातला कॉफीचा पेला तिथेच थबकला.

एव्हाना कुणीतरी अक्कांना 'हे तुमचे मिस्टर का, नाव काय?' असं विचारलं होतं आणि अक्कांनी ते सांगितलं होतं. नाव ऐकताच यशोवर्धन वळला. त्याचा चेहरा आदरानं भरून आला. तो वाकून नमस्कार करून म्हणाला, "सर, म्हणजे तुमच्या पणजोबांनी बांधला? त्यांचंच नाव ठेवलं का तुम्हाला?"

भीमाचार्यांनी घसा खाकरला. ते सांगणार होते की सदरहू नाव हे केवळ लेखनकर्त्याचं असून बांधकामाशी त्याचा कुठल्याही प्रकारे संबंध नाही. 'सदरहू' झालंही. पण पायरीवर एका बाजूला दयानंद बसला होता आणि दुसऱ्या बाजूला चेन्नवीरम्मा, आणि त्या दोघांनी पुन्हा एकमेकांकडे पाहिलं. मिस्त्री म्हातारीचा ठरला तर दयानंदला जेवण जाणार नव्हतं. दयानंदचा ठरला तर म्हातारी बसल्या जागी प्राण सोडणार होती. आचार्यांचा ठरला तर कुणाचंच काही बिघडत नव्हतं.

"हो," दयानंद म्हणाला. "ह्यांचेच पणजोबा."

"माझी आजी सांगायची," चेन्नवीरम्मा म्हणाली. "अस्सल बेंगळूरचे आचार्य. भारी हट्टी."

भीमाचार्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोन घरं. एकमेकांच्या समोर. सांगण्यात फरक नाही. त्यांचं तोंड उघडं होतं ते हळूच मिटलं. समोर अक्का पदर तोंडाला लावून हलत होत्या, आणि त्यांच्याकडून मदत मिळण्याची काही चिन्हं नव्हती.

"पण सर, असा उलटा का बांधला?" यशोवर्धननं कॅमेरा सुरू करत विचारलं.

भीमाचार्यांनी पेला खाली ठेवला, उपरण्याचं टोक खांद्यावरून नीट घेतलं आणि पणजोबांच्या वतीनं जरा रागावूनच उत्तर दिलं. "म्हणजे काय? चूल आग्नेयेला नको? चला, आत चला. इथे बसून कातळ काय बघताय."

आणि पाहुण्यांचा सगळा घोळका मागे घेऊन ते स्वयंपाकघराकडे निघाले.